गूढ शब्दकोडं: शोधसूत्र वाचायचं कमी, मोडायचं जास्त

‘शेपूट तुटलेला पोपट व्हॅटिकनला राहतो (२)’

हे शोधसूत्र (कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं) समोर आलं की बहुतेक नवखे पोपटाच्या मागे लागतात. राघू, रावा, कीर असे दोन अक्षरी पोपट सापडतातही आणि त्यातला एखादा चौकटीत जाऊन बसतो. मग उभे शब्द अडले की कोडं रचणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. उत्तर आहे ‘पोप’. ‘पोपट’ या शब्दाची शेपूट, म्हणजे शेवटचं अक्षर, तोडलं की पोप उरतो आणि तो व्हॅटिकनला राहतो.

साध्या कोड्याच्या सवयीने गूढ कोड्याकडे गेलं की हे असंच होतं. वाक्याचा अर्थ लावत बसायचं, डोक्यात आलेला पहिला शब्द लिहायचा आणि कारण नंतर शोधायचं. क्रम याच्या उलट हवा. पुढची उदाहरणं या लेखापुरती रचली आहेत. एखादं सूत्र दिसलं की उत्तर वाचण्याआधी थोडं थांबलात तर सराव आपोआप होईल.

तयारी: पाच नावं आणि एक मोजमाप

बहुतेक सूत्रांत दोन भाग असतात. एक ‘व्याख्या’, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ; वरच्या सूत्रात ‘व्हॅटिकनला राहतो’. दुसरा ‘शब्दखेळ’, म्हणजे तेच उत्तर अक्षरांतून कसं बनतं ते. शब्दखेळातही दोन गोष्टी असतात: ‘कच्चा माल’ (पोपट) आणि त्या मालाचं काय करायचं ते सांगणारा ‘इशारा’ (शेपूट तुटलेला). या सगळ्यावर पांघरलेलं वाक्य म्हणजे ‘देखावा’. तो तुम्हाला फसवायलाच असतो.

आता मोजमाप. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट. जोडाक्षराला एकच घर. ‘न्हावी’ दोन घरांचा, ‘स्वातंत्र्य’ तीन घरांचं: स्वा, तं, त्र्य. इंग्रजी कोडी सोडवून इकडे वळलेल्यांची इथेच गडबड होते, कारण ते व्यंजन आणि स्वर सुटे करायला जातात. अक्षरांची जागा बदलली तरी वेलांटी आपल्याच अक्षराला चिकटून राहते.

पेन्सिल आणि कोरा कागद घ्या. मोबाइलवर सोडवत असलात तरी कागद घ्याच. अक्षरं मांडून बघितल्याशिवाय फिरत नाहीत.

*तपासा:* कोड्याच्या सूचनांत ऱ्हस्व-दीर्घाबद्दल काय म्हटलंय? काही जण शब्दखेळात ‘पु’ आणि ‘पू’ एकच धरतात, काही धरत नाहीत. हे आधी माहीत नसेल तर अर्ध्या कोड्यात वाद सुरू होतो.

टप्पा १: देखावा फाडा

सूत्र एकदा वाचा आणि विरामचिन्हं मनातल्या मनात पुसून टाका. स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, उद्गारचिन्ह हे सगळं देखाव्यासाठी असतं. अपवाद प्रश्नचिन्हाचा: त्याचा अर्थ बहुधा ‘व्याख्या जरा वाकडी आहे किंवा नुसतं उदाहरण दिलंय’ असा असतो.

मग शब्दांमध्ये उभ्या रेघा मारा. वाक्याचा एक तुकडा व्याख्या, उरलेला शब्दखेळ. ही फोड नेमकी कुठे पडते हे अजून ठाऊक नसतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी करून बघायची.

टप्पा २: व्याख्या टोकाला शोधा

व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मध्ये कधीच नाही. एवढा एक नियम पाळला तरी शोध बराच आवरतो.

‘शिऱ्याचं सामान घरवालीने लपवलं (२)’

एका टोकाला ‘शिऱ्याचं सामान’, दुसऱ्या टोकाला ‘लपवलं’. दोन अक्षरी शिऱ्याचं सामान म्हणजे रवा किंवा तूप. आता ‘घरवालीने लपवलं’ बघा: घ-रवा-ली. शब्द तुमच्या डोळ्यांसमोरच होता. तूप बाद.

लिंग, वचन आणि शब्दाची जात जुळायला हवी. व्याख्या क्रियापदासारखी असेल तर ती कुणाबद्दल बोलते ते विचारा. ‘राहतो’ म्हटलं तर उत्तर पुल्लिंगी, ‘मिळाली’ म्हटलं तर स्त्रीलिंगी. इंग्रजी कोडी सोडवणाऱ्याला ही मदत मिळत नाही, आपल्याला फुकट मिळते. चांगला रचणारा अर्थातच तिचाही वापर चकवायला करतो.

*लक्षात ठेवा:* दोन्ही टोकांना व्याख्या शोभत असेल आणि मध्ये काहीच उरत नसेल, तर सूत्र द्व्यर्थी असतं. ‘मुंडावळ्या बांधलेला खाली नाही (२)’: दोन्ही तुकड्यांचं उत्तर ‘वर’. तसंच ‘गिरगावातली जुनी वस्ती पायात बांधून नाचतात (२)’: चाळ.

टप्पा ३: इशारा ओळखा, आणि तो प्रत्ययातही शोधा

लोक सर्वांत जास्त इथे अडतात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

इंग्रजी कोड्यात इशारा बहुतेक वेळा स्वतंत्र शब्द असतो. मराठीत तो स्वतंत्र शब्द असू शकतो, पण पुष्कळदा विभक्तीच्या प्रत्ययात किंवा शब्दयोगी अव्ययात दडतो. -त, -ने, -तून, -मागे, -विना, -पोटी ही मंडळी साधीसुधी दिसतात आणि सगळं काम तीच करतात.

‘मद्यालयात जा, तिथे सगळं विकत मिळतं (३)’

मद्यालय म्हणजे बार. ‘मद्यालयात जा’ म्हणजे बारमध्ये ‘जा’ हे अक्षर घाला: बा-जा-र. व्याख्या ‘तिथे सगळं विकत मिळतं’. हे सूत्र आज्ञा म्हणून वाचलं तर काहीच हाती लागत नाही. ‘-त’ हा प्रत्यय बांधकामाची सूचना म्हणून वाचला की बाजार दिसतो.

आता प्रकार एकेक घेऊ. सगळ्यांना सारखा वेळ द्यायची गरज नाही, काही पटकन कळतात.

*उलथापालथ.* मोडणे, विस्कटणे, गडबड, अपघात, वेडावाकडा असा काहीही गोंधळाचा शब्द. ‘मोडतोड करून विकता? ही तर केशवसुतांची मिळकत! (३)’. ‘विकता’ची अक्षरं हलवा: क-वि-ता. कागदावर अक्षरं ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की डोळा जुनाच शब्द पुन्हा पुन्हा वाचतो.

*लपलेला शब्द.* पोटात, आत, लपवणे, दडणे. ‘मासा खरपूस, त्याच्या पोटात मधुमेह्याचा शत्रू (३)’. मा-सा-ख-र-पूस. शब्द दोन शब्दांच्या सांध्यावर पसरलेला असतो, म्हणून मधली मोकळी जागा विसरून वाचा. अक्षरं सलग असायला हवीत. मधलं एखादं गाळून उत्तर बनत असेल तर ते उत्तर नव्हे.

*जोडणी.* तुकड्याला तुकडा. ‘गुरुजींमागे मोटार लागली, हे टिकायला बहुमत हवं (४)’: सर + कार. ‘षड्जानंतर गुरुजी, लग्नानंतर नवरी इथे (३)’: सा + सर. जोडणीत क्रम कसून पाळायचा. ‘मागे’ म्हटलं तर मागेच. अर्थ जमतो म्हणून तुकडे अदलाबदल करायचे नाहीत.

*उलटं.* परतणे, माघारी, फिरणे. उभ्या शब्दांत ‘वर चढणे’ही चालतं. ‘गरीब माघारी फिरला आणि कृष्णा मिळाली (२)’. दीन उलटा केला की नदी. सुदामा आठवला असेल तर देखाव्याने आपलं काम केलं. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणत राम गाठला तो हाच प्रकार.

*आद्याक्षरं.* सुरुवात, तोंडं, पहिले, आरंभी. ‘गरम वडे तळायला सुरुवात केली, म्हशीला मात्र हेच हवं (३)’: ग, व, त. इथे एक खबरदारी घ्यायची. ‘वडे’मधलं पहिलं अक्षर ‘व’ जसंच्या तसं बसतं, पण ‘वाटी’ असती तर ‘वा’ घ्यावं लागलं असतं.

*वजाबाकी.* डोकं उडवणे, शेपूट तोडणे, कुणीतरी निघून जाणे. ‘नागपुरातून साप गेला, पण पाण्याचं संकट आलं (२)’: नागपूरमधून नाग वजा, उरला पूर.

*नुसता श्लेष.* इथे शब्दखेळ नसतो, अख्खं सूत्र म्हणजे एक तिरकी व्याख्या. ‘ह्याच्यासमोर राजाही मान खाली घालतो (२)’: न्हावी. हा प्रकार मोजकाच वापरावा असं माझं मत आहे. उत्तर सुचलं नाही तर पोचायला दुसरी वाट नसते.

ध्वनीसाम्याची सूत्रं मराठीत फारशी रंगत नाहीत, कारण आपण बहुतांशी उच्चाराप्रमाणेच लिहितो. उलटी गंमत मात्र होते: लेखन एक, उच्चार दोन. ‘पाण्याने भरून टेबलावर ठेवलेली दुनिया (२)’. जग. जगातला ‘ज’ वेगळा, पाण्याच्या जगातला वेगळा. सूत्र मोठ्याने वाचणाऱ्यांना हे उत्तर उशिरा सुचतं. इथे कानाला गप्प बसवावं लागतं.

*लक्षात ठेवा:* उलथापालथीचा कच्चा माल सूत्रात दिसायलाच हवा. ‘दरवाजा मोडून पळालं’ असं म्हणून ‘कमाड’ तुम्हीच ओळखायचं आणि मग त्याची अक्षरं हलवून ‘माकड’ करायचं, ही लबाडी झाली. ‘कमाड मोडून’ असं लिहिलं तर ठीक. उलटं, जोडणी आणि वजाबाकी यांत मात्र समानार्थी शब्द चालतो, कारण तिथे अक्षरांचा क्रम ठरलेला असतो.

टप्पा ४: छोट्या शब्दांचा साठा हाताशी ठेवा

जोडणीत आणि पोटात घालण्यात एक-दोन अक्षरी शब्द वारंवार येतात. इंग्रजीत दिशांची आणि पदव्यांची आद्याक्षरं वापरतात. तो संच इथे आणायचा नाही. आपला साठा वेगळा आहे.

एकाक्षरी आज्ञा: जा, ये, गा, दे, घे, खा, पी, ने, हो. म्हणून सूत्रात ‘गाणं म्हण’ असेल तर गा, ‘निघ’ असेल तर जा. सूर: सा, रे, ग, म, प, ध, नी. सर्वनामं: मी, तू, तो, ती, हा, ही. जमीन म्हणजे भू, गाय म्हणजे गो, लक्ष्मी म्हणजे श्री. दोन अक्षरी संस्कृत मंडळीही रोजचीच: हात म्हणजे कर, देव म्हणजे सुर, सूर्य म्हणजे रवि, शंकर म्हणजे हर, पाणी म्हणजे जल किंवा नीर.

शब्दकोश वापरायला हरकत नाही, पण उत्तर शोधायला नको, पडताळायला वापरा. आणि एखादा शब्द फक्त मोल्सवर्थच्या जुन्या कोशातच सापडत असेल, आजूबाजूला कुणाच्या तोंडी नसेल, तर बहुधा तुम्ही चुकीच्या रस्त्यावर आहात.

टप्पा ५: शब्द मूळ रूपात आणा

हा टप्पा गाळणारे फार. प्रत्यय लागला की मराठी शब्दाचं सामान्यरूप होतं आणि आतली अक्षरं बदलतात. ‘नागपुरातून’मध्ये ‘पु’ ऱ्हस्व आहे, उत्तर ‘पूर’ दीर्घ. वजाबाकी मूळ शब्दातून करायची, वाक्यातल्या रूपातून नव्हे. घोडा–घोड्या, पाणी–पाण्या, विहीर–विहिरी: आधी प्रत्यय काढा, शब्द सरळ करा, मग त्यावर कात्री चालवा.

लपलेल्या शब्दाचं मात्र उलट असतं. तिथे वाक्यात छापलेली अक्षरं जशी आहेत तशीच वाचायची. म्हणून ‘घरवालीने’ सरळ करायची गरज पडली नाही.

*तपासा:* तुम्ही वापरलेला तुकडा कोशात त्याच रूपात सापडेल का? सापडत नसेल तर सामान्यरूपावर काम चाललंय.

टप्पा ६: प्रत्येक शब्दाचा हिशेब द्या

उत्तर सुचलं. लिहू नका अजून. सूत्रातल्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवा आणि त्याचं काम सांगा. एक सूत्र सावकाश घेऊ:

‘चौथ्या हिश्श्यामागे मेहुणा लागला, म्हणजे छत्री काढायची वेळ (४)’

‘चौथ्या हिश्श्या-’ मूळ रूपात चौथा हिस्सा, म्हणजे पाव. ‘-मागे’ हा क्रमाचा इशारा: पुढचा तुकडा नंतर. ‘मेहुणा’ म्हणजे साळा, बायकोचा भाऊ. ‘लागला’ जोडणीचा इशारा. ‘म्हणजे’ दोन भागांमधला दुवा; तो बरोबरीच्या चिन्हाचं काम करतो. ‘छत्री काढायची वेळ’ ही व्याख्या. पाव + साळा = पावसाळा: पा, व, सा, ळा, चार अक्षरं. काहीही शिल्लक नाही. आता लिहा.

शिल्लक राहिलेला शब्द म्हणजे उत्तर चुकलंय किंवा सूत्र ढिलं आहे. वरच्या गवताच्या सूत्रात ‘मात्र’ या शब्दाला काम नाही, तो देखावा सावरायला आलाय. असे एक-दोन दुवे खपवून घेतात, तीन-चार असतील तर तुमच्या उत्तराविषयी शंका घ्या. ब्रिटनच्या ऑब्झर्व्हर वृत्तपत्रात झिमेनीझ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी १९६६ साली चांगल्या सूत्राची कसोटी मांडली, तिचा सारांश असा: नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ, आणि याखेरीज काहीही नाही. भाषा बदलली तरी ही कसोटी इंचभरही हलत नाही.

*लक्षात ठेवा:* ‘व्याख्या जुळते, शब्दखेळ नंतर बघू’ असं म्हणून शाईने लिहिलेला शब्द पुढचे तीन शब्द बिघडवतो.

टप्पा ७: चौकट भरताना

एक नंबरपासून ओळीने जायचा हट्ट नको. पहिल्या फेरीत सगळी सूत्रं वाचा आणि जी दिसताक्षणी उलगडतात, बहुधा लपलेले शब्द आणि आद्याक्षरं, ती भरा. दुसऱ्या फेरीत त्या शब्दांना छेदणारी सूत्रं घ्या. आयतं मिळालेलं एक अक्षर मराठीत फार मोलाचं, कारण त्याच्यासोबत मात्राही मिळते. तिसरं घर ‘सा’ आहे हे कळलं की चार अक्षरी शब्दांची यादी झपाट्याने आटते.

छेदणाऱ्या घरात आडव्या शब्दाला ‘कि’ आणि उभ्याला ‘की’ हवं असेल तर तयारीतला नियम आठवा. सवलत नसेल तर दोघांपैकी एक उत्तर नक्की चुकलंय. कोणतं? ज्याचा हिशेब टप्पा ६ मध्ये पुरा झाला नव्हता ते.

तासभर एकच सूत्र घेऊन बसू नका. उठा, दुसरं काम करा. परत आल्यावर देखाव्याची पकड सुटलेली असते.

टप्पा ८: चौघांत सोडवताना

गटात सोडवायला मजा येते, पण उत्तर ओरडून सांगणारा एक जण बाकीच्या तिघांचं कोडं संपवतो. मदत पायरीपायरीने द्या. समजा सूत्र आहे ‘गाडीमागे ओझं, ते दिवाणजी पाहतात (४)’ आणि कुणीतरी अडलंय. पहिली मदत: व्याख्या शेवटी आहे. तरी नाही? प्रकार सांगा: जोडणी. तरी नाही? एक तुकडा: गाडी इथे बैलाची नाही. इथपर्यंत आल्यावर बहुतेक जण ‘कारभार’पर्यंत पोचतात आणि उत्तर आपलंच म्हणून मिरवतात, मिरवू द्या.

उत्तर मांडताना नुसता शब्द सांगू नका. एका ओळीत व्याख्या, शब्दखेळाची फोड आणि इशारा सांगा: ‘बाजार: बार या शब्दात जा, “-त” हा इशारा, व्याख्या तिथे सगळं विकत मिळतं’. फोड सांगता येत नसेल तर ‘उत्तर बहुतेक अमुक, फोड कळली नाही’ असं म्हणा. अशा वेळी दुसरं कुणी फोड पुरवतं किंवा उत्तरच चुकीचं निघतं.

एकाच सूत्राला दोन उत्तरं निघाली तर आवाज चढवण्याआधी दोन्हींचा टप्पा ६ चा हिशेब शेजारी शेजारी मांडा. ज्यात कमी शब्द वाया जातात ते उत्तर धरा. दोन्ही पूर्ण बसत असतील तर दोष सूत्राचा, आणि ते रचणाऱ्याला सांगायला हवं.

सांगताना दोष नेमका कशात आहे ते म्हणा. ‘सूत्र जमलं नाही’ या वाक्याचा कुणाला उपयोग नाही. ‘कमाड मोडून पळालेला आपला पूर्वज (३)’ हे सूत्र घ्या. उलथापालथ चोख आहे, इशारा चोख आहे. पण माकड आपला पूर्वज नव्हे, दोघांचा पूर्वज एक होता, असा आक्षेप एखादा जीवशास्त्रवाला घेईल. शिवाय ‘पळालेला’ पुल्लिंगी आणि माकड नपुंसकलिंगी. दोन्ही आक्षेप रास्त आहेत आणि दोन्ही व्याख्येवरचे आहेत, म्हणून दुरुस्तीही तेवढीच: ‘कमाड मोडून झाडावर चढलं (३)’.

‘मला सुचलं नाही’ हा आक्षेप होत नाही.